तळाची मोकळी जागा

"शेवटचे ठिपके नीट दिसत नाहीत," अमृतलाल म्हणाले. "आहेत ना पण?"

"आहेत. खालच्या रेषेत बुडालेत." संयमने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "सगळ्या आलेखांना एकच मार्जिन दिलंय, म्हणून असं झालंय. शब्दांचा आलेख बराच वर आहे, त्याला चालतं. पण चेहऱ्यांचा पार शून्यावर आलाय. शून्याचा ठिपका अक्षावरच बसतो आणि अर्धा कापला जातो. याला तळाशी वेगळी जागा द्यावी लागेल."

घोडेगावच्या बाजारपेठेत अमृतलालांचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत बापलेक बसले होते. संयम पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मागच्या दिवाळीआधी आजारपण निघालं, मेंदूला सूज आली, आणि नोकरी सोडून तो तेव्हापासून घरीच होता.

उद्या पुण्याला डॉक्टरांकडे जायचं होतं. एवढ्या महिन्यांच्या नोंदी बघून ते सांगणार होते, घरीच ठेवायचं की संस्थेत. रोज सकाळी अमृतलालांच्या पत्नी पानबाई घरच्यांचे फोटो समोर मांडायच्या आणि किती ओळखले ते लिहून ठेवायच्या. सुरुवातीला त्या ओळखायला मदत करायच्या. आता करत नसत.

बाहेर कोणी हाक मारली. अमृतलाल उठून गल्ल्यापाशी गेले. अवसरीच्या ठकूबाई होत्या, जुन्या गिऱ्हाईक.

"शेठ, उद्या पुण्याला जानार म्हनं?"

"हो, जातोय."

"मग? काय फरक?"

"चाललंय."

ठकूबाईंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लई वाईट वाटतं, शेठ. कुनाचं कदी वाईट केलं न्हाई तुमी." मग घ्यायला आलेली धोतरजोडी न बघताच त्या निघून गेल्या.

अमृतलाल परत येऊन बसले. संयम त्या एका आलेखाचे आकडे बदलून बघत होता. आधी जागा फार झाली, सगळी रेघ वर ढकलली गेली. मग अगदीच कमी झाली.

"जागा दिलीच नाही तर?" अमृतलालांनी विचारलं. "नाही दिसले ठिपके तर काय बिघडेल?"

"डॉक्टरांना वाटेल, मोजलंच नाही."

अमृतलालांनी पडद्यावरच्या कापलेल्या ठिपक्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दे मग."

संयम काम करत राहिला. त्याची बोटं पूर्वीसारखीच सरसर चालत होती. अमृतलाल त्या बोटांकडे बघत होते.

"तिथं संस्थेत सूर्यास्ताच्या आत जेवण देतात का रे?"

"विचारून ठेवा ना आधीच. देतील. सांगितलं तर ऐकतात लोक."

"आणि घरचं कोणी भेटायला आलं तर?"

"भेटू देत असतील की. एवढी काळजी करू नका."

अमृतलालांनी मान हलवली. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, बराच वेळ पुसला.

"हे बघा, जमलं," संयम म्हणाला.

आलेख स्वच्छ उमटला होता. तळाशी बोटभर मोकळी जागा, आणि तिच्या वर शून्याचे ठिपके, ओळीने, पूर्ण गोल. पानबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कप खाली न ठेवताच त्या आत वळल्या.

"प्रिंट काढायच्या आधी वर पेशंटचं नाव टाकतो," संयम म्हणाला. "काय टाकू?"

अमृतलालांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"टाक... संयम."

बोटं थांबली. आज पहिल्यांदाच तो मनापासून हसला.

"काय सांगता! माझंही नाव संयमच. हा तुमचा कोण, काका?"