दिव्याखालचा माणूस

"आज जवळ आला का जी?" जयवंताबाईनं हातातला झाडू तसाच धरून विचारलं.

भगवंतराव ड्रॉइंग मास्तरांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या सौंसरच्या घरी बैठकीत ते चित्र लागल्यापासून ही भांडीवाली रोज हेच विचारायची. चित्र विलायती, सत्तर वर्षांमागचं, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. रात्रीचं शहर, वाकडीतिकडी घरं, पिवळे दिवे, आणि रस्त्यात काळ्या कोटातला एक माणूस. त्याला नाक ना डोळे.

"चित्रातला माणूस चालत नसतो, बाई."

"रातच्यानं चालत असन. आमच्या घरचेच हायेत जी. खांदा पाहा ना, तसाच पाडलेला."

तिचा नवरा बहात्तर साली संत्र्याच्या ट्रकवर बसून नागपूरला गेला, तो गेलाच. तिच्या भुवईवर जुनी खूण होती. चुलीपाशी पडली, म्हणायची. दर शनिवारी अनवाणी जामसांवलीच्या देवळात जायची. काय मागते, ते मारुतीलाच ठाऊक. पण न सांगता सगळ्यांना कळलं होतं. अशी बायको मिळायला पुण्य लागतं, असं अख्खी आळी म्हणायची.

आता बारा वर्षं भरत आली; एवढी वर्षं पत्ता नसला की माणूस मेला असं धरतात. दीर तुळशीरामनं ठरवलं, अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, तेरवी करायची, वहिनीचं कुंकू पुसायचं. आठ दिवस राहिले होते. जयवंता बोटांवर दिवस मोजायची. तिचं जेवण सुटलं होतं.

मास्तरांचा जीव तुटला. जित्या माणसाच्या आशेला काडी लावायची?

"तुम्ही मधात पडू नका," त्यांची बायको विजयाबाई म्हणाल्या. "पडायचंच असन तं आधी तिले विचारा."

"विचारायचं काय त्यात? दिसून नाही राहिलं का?"

मास्तरांना सगळं दिसायचं. चित्रकलेचे मास्तर ना!

संध्याकाळी ते तुळशीरामच्या घरी गेले. जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण ठोकून दिलं, "अरे, तुझ्या भावाले मी परवा नागपुरात पाह्यलं. सीताबर्डीवर, दिव्याखाली. काळा कोट होता अंगात."

तुळशीराम ढसाढसा रडला. शाळेत ज्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या ते मास्तर खोटं कशाला बोलतील? पुतळा रद्द. उद्या सकाळीच नागपूरला जातो, भावाला हाताला धरून आणतो, म्हणाला.

मास्तर निघाले. दिराच्याच घरी राहणारी जयवंता अंगणापर्यंत मागं आली.

"खरंच पाह्यलं जी?"

"खरंच."

"इकडं येतो म्हनाले?"

"येईल ना, बाई! रडू नको आता. तुझं कुंकू वाचलं."

ती मटकन खाली बसली. आनंद सोसवेना बिचारीला, असं मास्तरांना वाटलं. त्यांचेही डोळे भरून आले.

"काय केलं हे, मास्तर?" ती हळूच म्हणाली. "आठच दिवस राह्यले होते. ते येतीन म्हनून बारा वर्सं मी उशाखाली विळा घेऊन झोपली."