दुसरा प्रश्न

ऑस्ट्रेलियातला मतदानाचा शनिवार. शाळेच्या हॉलमध्ये ग्लेनिस मतदारयादी घेऊन बसली होती आणि बाहेर दर निवडणुकीला मतदारांसाठी लागतो त्या स्टॉलवरून सॉसेज भाजल्याचा वास येत होता. प्रत्येकाला तिनं तीनच प्रश्न विचारायचे होते: पूर्ण नाव काय, राहता कुठे, या निवडणुकीत आधी मत दिलंय का. यंदा लोक दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळत होते.

"जुनाच पत्ता धर, पोरी," म्हातारा गवंडी नेव्हिल म्हणाला. "घरमालकानं मला मार्चमध्येच काढलं, तुमच्या यादीनं अजून ठेवलंय." मग खिडकीतून कुंपणावरच्या पक्षांच्या फलकांकडे बोट दाखवून म्हणाला, "सगळेच घर देणार म्हणे. कॅनबेराला पोचले की विसरतात. हातात पडतं ते सॉसेज."

रांगेतले हसले. ग्लेनिसनं मान खाली घालून, पट्टी धरून त्याच्या नावावर रेघ मारली.

पुढची बाई अनोळखी होती, नीटनेटकी. तिनं नाव सांगितलं.

"राहता कुठे?"

बाई टेबलावर वाकली, आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

 

"किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये, तुझ्या शेजारच्या गाडीत. आणि झोपताना काचेला आतून टॉवेल लावत जा, रोज कुणीतरी डोकावून जातं."