कोटाची पाठ

पलटणीतून परतलेल्या बर्थोल्डनं कोट टेबलावर ठेवला, आपली रिकामी बाही खिशात खोचली आणि तो दाराशीच उभा राहिला. आल्विनानं त्याला बसही म्हटलं नाही. ती आपल्या पोराच्या, एवाल्डच्या, कोटाकडे बघत होती.

"देह आणता नाही आला, काकू. मैदान शत्रूच्या हातात राहिलं. एवढंच आणलंय."

अंगणात तिचा नवरा ख्रिस्टोफ शेजाऱ्यांना मोठमोठ्यानं सांगत होता, "समोरून लागली गोळी! छातीवर! बर्थोल्डनं डोळ्यांनी पाहिलंय. आता म्हणावं त्या हॅस्किन्सला, बोल की!"

गिरणीवाला हॅस्किन्स दळणाला आलेल्या प्रत्येकाला इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढणाऱ्या स्थलांतरित जर्मनांच्या पलटणी शेपूट घालून पळाल्या, त्यांच्यापायी लढाई गेली, असं त्यात छापलं होतं. ख्रिस्टोफनं भर गिरणीत त्याची गचांडी धरली होती. विस्कॉन्सिनभर तोंडं अशीच सुटली होती, तो तरी किती जणांना धरणार!

आल्विनानं कोट उलगडला. छातीवर काहीच नव्हतं. तिनं तो उलटा केला. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, बोट जाईल एवढं भोक होतं.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली.

बर्थोल्डनं आधी अंगणाकडे पाहिलं. "सगळेच पळत होतो, काकू. चुलीवर जेवण शिजत होतं, बंदुका लांब ठेवलेल्या. रानातून आधी हरणं आली, ससे आले. आम्ही हसतोय, तर त्यांच्यामागून ते आले. एवाल्ड माझ्या पुढेच धावत होता. तो पडला, मग मीही पडलो. पहाटे तो गेला. मला थंडी वाजत होती, म्हणून मी त्याचा कोट ओढून घेतला."

"काही बोलला?"

"पाणी मागत होता. माझ्याकडे नव्हतं." तो दाराबाहेर पडता पडता थांबला. "काकांना छातीवर लागली म्हणून मीच सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये एवाल्डसाठी प्रार्थना व्हायची होती. घरच्या खिडकीतल्या कुंडीत विलायती मेंदीचं झाड होतं. जर्मनीतल्या पोमेरानियाहून येताना त्याची फांदी बोटीत सुकू नये म्हणून आल्विनानं ती बटाट्यात खोचून आणली होती. एवाल्डच्या नवरीचा मुकुट तिला त्या पानांचा करायचा होता. पण त्यांच्याकडे कोणी बिनलग्नाचा गेला, तर त्याच पानांचा मुकुट त्याच्या शवपेटीवर ठेवतात आणि मग तो कायमचा चर्चच्या भिंतीवर टांगतात. पेटी नव्हती, म्हणून कोटच ठेवायचं ठरलं. आल्विनानं कात्री घेतली आणि झाड बुंध्यापर्यंत कापलं.

मुकुट झाल्यावर तिनं कोट मांडीवर घेतला. आतला खिसा उसवून त्याच कापडाचा तुकडा काढला, शिवणीतलाच दोरा ओढून घेतला आणि भोक बुजवायला बसली. आयुष्यभर तिनं लोकांचे कपडे रफू केले होते, पण आज सुईत दोरा जाईना. डोळे वाहतच होते. तिकडे राजाच्या पलटणीत जावं लागू नये म्हणून ह्या पोराला समुद्रापार आणला होता. इथे कोणी बोलावलं नव्हतं, तरी पठ्ठ्या आपल्या पायांनी भरती झाला. बापानं पूर्व म्हटलं की ह्यानं पश्चिमच धरायची, हे अगदी लहानपणापासूनचं. सगळं केलं ते पाण्यात गेलं.

रविवारी ख्रिस्टोफनं कोट कोणाच्या हाती दिला नाही. बाप्तिस्म्याला मूल न्यावं तसा दोन्ही हातांवर घेऊन तो वेदीपर्यंत गेला. कोट बाकावर ठेवताना त्याचा एक तळवा खालीच राहिला. बोटं पाठीवरून सरकली, एका जागी थबकली, पुन्हा तिथेच फिरली. मग त्यानं हात काढला, कोटाची छाती वरच्या बाजूला ठेवून तो नीट पसरला आणि मुकुट त्यावर ठेवला. मागे हॅस्किन्सही टोपी काढून उभा होता.

परतताना गाडी ख्रिस्टोफ हाकत होता. गिरणी मागे पडल्यावर म्हणाला, "छान शिवलंस. बघून कळत नाही."

"अहो, मी..."

"निघाला त्या दिवशी मी त्याला कोठारामागे नेलं होतं. म्हटलं, झेंडा ज्यांचा आहे ते बघून घेतील. गोळ्या सुटल्या की तू आपला पळ."

घोडा सरळच चालला होता, तरी त्यानं लगाम ओढला.

"जन्मात एकदाच ऐकलं त्यानं माझं."