यंत्रातली हाक



काचेखालच्या उतरत्या फळीवरून घरंगळत पोलादी गोळी तिला परत वर उडवणाऱ्या दोन फ्लिपरांच्या मधून निसटली, आणि ती निसटताच यंत्र एका बाईच्या खणखणीत आवाजात ओरडले, "गेला तुजा बॉल! पार बांदाच्या पल्याड गेला! रडू नको रं, अजून एक हाय!"

समीक्षा मॅडमनी बटणांवरचे हात काढून घेतले. डोंगरपायथ्याच्या काही रिसॉर्टांसाठी खेळांची खरेदी त्या करीत. खालापूरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये त्या बारा पिनबॉल यंत्रांची ऑर्डर द्यायला आल्या होत्या. कोपऱ्यात चहा गाळणाऱ्या चंद्रभागाने मान वर केली नाही.

"खेळ सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त हा आवाज बदलावा लागेल."

"का?" यंत्र बनवणाऱ्या जागृतीने विचारले.

"माझी आजी असंच बोलायची गं. मला आवडला. पण मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना वाटेल, कुणीतरी आपल्यावर खेकसतंय."

"खेकसतेच ती," तिचा भागीदार रुपेश हसून म्हणाला. "आमच्यावर पण खेकसायची. फुकटात."

हसू त्याच्याच ओठांवर विरले.

जागृती आणि तो एका बाकावर शिकले होते. यंत्राचा एकेक भाग ते हाताने बनवीत. इथल्या दमट हवेत फळीचे लाकूड फुगे आणि गोळी भलतीकडे ओढली जाई. फ्लिपरांना झटका देणाऱ्या कॉइल परदेशातून निघत आणि बंदरात अडकून पडत. पैसे गुंतवू शकणारी माणसे कौतुकाने काचेवर वाकत आणि विचारीत, हेच मोबाईलवर का नाही करत? ही ऑर्डर हुकली तर शेड सोडायची आणि रुपेशने रसायनीच्या कारखान्यात नोकरी धरायची, हे दोघांनी एकमेकांकडे न पाहता ठरवले होते.

"हा आवाज माझ्या आईचा आहे," जागृती कोपऱ्यातल्या चंद्रभागाकडे पाहत म्हणाली. "तो राहील."

"अगं, मग प्रश्नच मिटला!" समीक्षा मॅडम मोकळेपणाने चंद्रभागाकडे वळल्या. "काकू, तुम्हीच पुन्हा बोला ना. थोडं हळू, थोडं शुद्ध. जमेल की."

चंद्रभागाने गळ्याभोवतीचा पदर सारखा केला.

"मॅडम," रुपेश खाली पाहत म्हणाला, "काकींचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. घशाचं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. हे सगळं त्याच्या आधीचं आहे."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, भिंतींना गाद्या टेकवलेल्या खोलीत, जागृतीने आईला बसवले होते. कडावच्या शेतावर ती आयुष्यभर पोरांना, मजुरांना, म्हशींना जे जे ओरडत आली, ते सारे वदवून घेतले होते. चंद्रभागा मधेच हसत सुटे. "म्हशीला बोलते ते पन घेतेस व्हय गं? लोकं काय म्हनतील!" त्या हसण्याचा तुकडाही यंत्रात होता. कुणी मोठा डाव साधला की तो वाजे.

"मला माहीत नव्हतं. माफ करा," समीक्षा मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "मी वरती विचारून बघते. पण ते ऐकतील असं वाटत नाही."

"नका विचारू. तिचा आवाज काढून मला एकही यंत्र विकायचं नाही."

"जागृती," रुपेश म्हणाला. एवढेच.

तेव्हा चंद्रभागाने गाळणी खाली ठेवली. ती यंत्रापाशी आली, गुडघ्यांवर बसली, समोरचे छोटे पत्र्याचे दार तिने उघडले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तिचे डोळे मुलीच्या चेहऱ्यावर होते. आतल्या बोटांना काही शोधावे लागले नाही. मग तिने मॅडमना खूण केली. खेळा.

गोळी सुटली. रंगवलेल्या भातखाचरांतून धावली, खुंट्यांवर आदळली, निसटली. यंत्र काही बोलले नाही.

"असं चालेल," समीक्षा मॅडम हळूच म्हणाल्या. "असं नक्की चालेल. ऑर्डर पक्की समजा." चहा तसाच ठेवून त्या निघाल्या. रुपेश त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

जागृती त्या उघड्या दाराशी वाकली. आवाजाचे बटण तारांच्या जुडग्यामागे, खोल अंधारात होते. आईला ते कुणी कधी दाखवले नव्हते.

शेडचा मुख्य खटका दाबला की दिव्यांबरोबर यंत्रही जागे होई, आणि रिकामे उभे असले की थोड्या थोड्या वेळाने आपणहून हाक मारी. "कुनी हाय का रं? या की!" दिवसभर काम करताना ती हाक जागृतीला सोबत वाटे. पण सकाळी शेड उघडून झाडायला येई ती चंद्रभागा, एकटी. जागृती पोचेपर्यंत यंत्र मुके झालेले असे, आणि ती आवाज पुन्हा चालू करी. रोज. बटणच खराब म्हणून रुपेशने ते दोनदा बदलले होते.

"आई," जागृती म्हणाली. "मी तुझ्यासाठी जपला होता गं तो. तुला तो ऐकवत नव्हता का?"

चंद्रभागाने चहाचे भरलेले कप ताटलीत ठेवले, ताटली उचलली आणि मागे न पाहता ती बाहेरच्या उन्हात नळाकडे चालत गेली.