पारीचा उंदीर

उंदराच्या डोक्यावर मुकुट नव्हता, एवढंच. बाकी थाट सगळा होता: पाठीवर जरीची झूल, गळ्यात माळ, पुढच्या दोन पायांत मोदक. वनिताने छपाईला जाणारं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. तिच्या गोष्टीतली पारी कापणी झालेल्या शेतात बीळ खणते, धुरी देऊन उंदीर धरते आणि भावंडांबरोबर भाजून खाते. चित्रातली पारी काठी घेऊन चक्क गणपतीच्या वाहनामागे लागली होती.

"हे कुणी काढलं?" तिने विचारलं.

"पेणचा माणूस आहे," प्रकाशक यज्ञेश म्हणाला. "गणपतीच्या कारखान्यात बारा महिने रंगकाम करतो. उंदीर काढ म्हटलं, त्याने काढला. हात तसाच वळतो त्याचा, काय करणार."

"गोष्ट वाचली नाही त्याने?"

"चित्रकार कशाला वाचतोय," यज्ञेश म्हणाला आणि हसला. एकटाच हसला.

श्यामलाबाई मात्र चहाचा कप पुढे सरकवत गंभीर चेहऱ्याने बसून होत्या. रोह्याच्या शाळेत त्यांनी वनिताला मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर रोह्यालगतच्या वरसे गावातल्या या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी मुलांसाठी बावीस पुस्तकं लिहिली. त्यांची मुलं सूर्याच्या आधी उठतात, न सांगता दात घासतात आणि शेवटच्या पानावर हमखास शहाणी होतात. त्याच मालिकेतलं तेविसावं पुस्तक वनिताचं, आणि संपादक अर्थात बाई.

वनिता कातकरीवाडीवरच्या अंगणवाडीत शिकवायची. आईकडून ऐकलेली ही गोष्ट तिने तिथल्या पोरांना इतक्यांदा सांगितली होती, की ती मध्ये थांबली तर पोरंच पुढची ओळ म्हणायची. अंगणवाडीत पुस्तकं ढिगाने होती, पण आपल्यासारखं घर आणि आपल्यासारखी आई त्या पोरांना एकातही सापडली नव्हती. आता आपलं पुस्तक येणार, असं ती त्यांना आठ महिने सांगत होती.

"चित्रं बदलायला वेळ नाही," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी सगळं प्रेसला जायचंय. म्हणून मी शेवट थोडासा बदललाय. बघ, आवडेल तुला."

वनिताने शेवटचं पान काढलं. पारीने उंदराला हात जोडले होते. त्याला सोडून दिलं होतं. बिळात सापडलेल्या भाताच्या लोंब्या ओटीत भरून ती शेताच्या मालकाकडे गेली होती, आणि मालकाने तिच्या प्रामाणिकपणाबद्दल पाठ थोपटून तिला बिस्किटाचा पुडा दिला होता.

बिळातलं भात ज्याने खणलं त्याचं, हे वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते परत नेऊन देणारी पारी वनिताच्या आईला दिसली असती, तर तिने पारीला घरात घेतलं नसतं.

"भात परत कोण देतं, बाई?"

"मुलांवर संस्कार नकोत का व्हायला?"

"कुणाच्या मुलांवर?"

"वनिता, आवाज खाली."

"तुमच्याच शेतावरची गोष्ट हाय ही. आई माझी तिथंच खणायची. तुमच्या सासऱ्यांनी कधी परत मागलं नाय, आणि तुम्ही पुस्तकात मागून घेतलंत." शाळेत बाईंनी हजारदा सुधारलेली तिची बोली आता बिनदिक्कत बाहेर पडली होती. तिला त्याची लाज वाटली नाही.

बाईंचा चेहरा पडला, मग कडक झाला. "मी शब्द टाकला म्हणून तुझं पुस्तक निघतंय. नाहीतर कोण विचारतं तुला?"

"हे बघा," यज्ञेश मध्ये पडला, "पेणमध्ये माझं दुकान आहे. गणपतीचं वाहन मारून खाल्लं, असं पुस्तक मी तिथे काउंटरवर मांडू? काच शिल्लक राहील का?"

"वाहन तुम्ही केलंत. मी उंदीर लिहिला होता."

"आता तेच छापलं जाणार. नाहीतर काहीच नाही."

वनिताने टेबलाकडे पाहिलं. समोर मुखपृष्ठ होतं आणि त्यावर तिचं नाव चांगल्या मोठ्या अक्षरात होतं. ते तिला फार आवडलं होतं, खोटं कशाला बोला. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं. उद्या पोरं विचारतील, पुस्तक कुठंय.

"मग काहीच नाही," ती म्हणाली. "करारावर सही केलेली नाय मी. माझी गोष्टीची वही द्या."

यज्ञेशने बाईंकडे पाहिलं. बाईंनी वही टेबलावर जवळजवळ आपटलीच. वनिताने ती पिशवीत घातली आणि चहाला हात न लावता उठली.

"मूर्ख आहेस," बाई मागोमाग दारापर्यंत आल्या. "तीस वर्षं मुलांमध्ये घालवली मी, मला तू शिकवणार? उंदीर भाजला, मीठ लावलं, धाकट्याला आधी दिला... शी! पाच वर्षांच्या लेकराला हे ऐकून काय वाटेल, याचा कधी विचार केलास?"

वनिता वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तो लावून झाल्यावर ती सरळ उभी राहिली.

"विचार कशाला करायचा, बाई? रोज सांगते मी त्यांना," ती म्हणाली. "ऐकून भूक लागते त्यांना."