मधल्या वाटेतला टेकू

शलमोन मिस्त्रीच्या बायकोची, सुवार्ताची, शवपेटी चर्चच्या दारातच अडली. छपराचा भार पेलणाऱ्या मधल्या लाकडी कैचीची आडवी तुळई वाळवीनं पोखरली होती. तिच्याखाली शलमोननंच सागाचा टेकू ठोकला होता आणि तो नेमका बाकांमधल्या वाटेत उभा होता. पेटी घेऊन चौघांना पुढं जाता येईना.

"अर्ध्या तासासाठी काढ तो टेकू," पंचकमिटीचे याकोबराव म्हणाले. "बुलढाण्याहून पाहुणे आले. वहिनीले बाहेर ठेवतं काय?"

"हाव, बाहेरच ठेवतो."

"डोकं फिरलं काय बे तुह्यं?"

"फिरलंच!" शलमोन कडाडला. "चार वर्षं सुवार्ता दर मीटिंगीत उभी राहून सांगे, छप्पर बदला. तुम्ही म्हणत, बाईमाणसानं बायबलात पाहावं, छपराकडे नाही. वर्गणी जमली तं फाटकावर कमान बांधली. आज तिले आत न्यायचं तं टेकू खुपला तुमाले!"

"अरे, अर्ध्या तासात काय होते?"

टेकू काढायला आणलेला घण शलमोननं कोणाच्या तरी हातातून ओढून घेतला आणि टेकूपाशी जाऊन उभा राहिला.

"या मंग आत. सगळे या. काढतो मी. छप्पर आलं खाली, तं तिले आता काहीच होत नाही. तुमचं तुम्ही पाहा."

कोणी हललं नाही. याकोबरावांनी दाराशी काढलेल्या चपला गुपचूप पायात घातल्या आणि अंगणात सतरंजी टाकायला सांगितली.