बुजलेल्या फटी

कमळाकरचा जन्म जासईच्या मिठागरात बांधाच्या फटी चिखलाने बुजवण्यात गेला. एक फट राहिली की खाडीचं पाणी शिरून पिकलेलं मीठ विरघळायचं. म्हणून पनवेलच्या डॉक्टरबाईंनी लेकीच्या हाताचा एक्स-रे दिव्यावर लावून, “हाडांच्या सगळ्या फटी बुजल्यात,” म्हटलं तेव्हा तो खुलला. “स्नेहल, हात पक्का हाय तुझा!” स्नेहलचे डोळे भरून आले. पोलीस भरतीसाठी तिची उंची दोन बोटं कमी पडत होती. ती वाढेल का, हेच विचारायला दोघं आली होती. डॉक्टरबाईंनी समजावलं, “काका, हाड त्या फटींतूनच वाढतं. वाढ पुरी झाली, म्हणून शरीराने त्या मिटवल्या. आता औषधानेही उघडायच्या नाहीत.” कमळाकर गोंधळला. “आमी फट बुजवल्याशिवाय झोपत नाय, आन बुजल्या म्हणून ही रडते?” मग तो एक्स-रे खिडकीत धरून एखादी चुकून राहिलेली फट शोधू लागला.